परसातला अड्डा: पावसाळा सोसणारं मुलांचं खोपटं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ‘क्लबहाऊस’ म्हटलं की सोसायटीचा हॉल डोळ्यांपुढे येतो. इथे विषय वेगळा आहे: घरामागच्या जागेत पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी उभारायचं, त्यांच्या हक्काचं खोपटं. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूरच्या रो-हाउसमागे, घोडबंदर रस्त्याच्या आतल्या जुन्या बंगल्यांभोवती, येऊरच्या पायथ्याला अजून अशी परसं उरली आहेत.

इंटरनेटवर मिळणारे बहुतेक आराखडे कोरड्या, थंड मुलखातले असतात. जमिनीवर लाकडी चौकट, तिच्यावर प्लाय, प्लायच्याच भिंती. आपल्याकडे हे घर एक पावसाळा कसंबसं काढतं. खालून ओल चढते, ओलीमागून वाळवी येते, पश्चिमेकडून झड आत शिरते आणि जुलैत घरावर निळी ताडपत्री चढते. एकदा ताडपत्री चढली की मुलं तिकडे फिरकत नाहीत. म्हणून आराखड्याची सुरुवात खेळापासून करू नका. वारा, झड आणि ओल या तिघांचा बंदोबस्त आधी करा. आत काय खेळायचं ते मुलं स्वतःच ठरवतात.

काम दिवाळीनंतर काढावं. नोव्हेंबरात खड्डे खणले तर माती मऊ असते आणि भिंती ढासळत नाहीत. फेब्रुवारीपर्यंत सांगाडा, छप्पर आणि रंग आटोपतात. मे महिन्यात पाइपने पाणी मारून गळती शोधायला वेळ उरतो. मुंबईपट्ट्यात मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून धरली जाते. एप्रिलमध्ये सुरू केलेलं काम हमखास त्या तारखेला धडकतं, आणि ओल्या लोखंडावर मारलेला रंग वर्षभरात पापुद्रे सोडतो.

जागा ठरवताना

मागच्या अंगणात आधी झाकणं शोधा. रो-हाउसचे ड्रेनेजचे चेंबर बहुधा मागच्याच बाजूला असतात. शिवाय जमिनीखालची पाण्याची टाकी, नळाची लाइन, महावितरणची केबल, पाइप गॅस असेल तर त्याची नळी. या सगळ्यांच्या रेषा चुन्याने जमिनीवर आखून घ्या आणि एकही खांब त्यांवर येणार नाही असं पाहा. चेंबरचं झाकण खोपट्याखाली गेलं, तर पावसाळ्यात ते तुंबेल त्या दिवशी तक्तपोशी, म्हणजे खोपट्याची फळ्यांची जमीन, उखडावी लागेल. डोक्यावरून वीज जात असेल तर तिच्या जवळपासही नको.

नारळाखाली कधीही नाही. फळ पडतंच, पण वाळलेली झावळीही वजनदार असते. गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या वाऱ्यात अवचित मोडतात, त्यांच्या सावलीचा मोह टाळा. आंब्याच्या कडेला चालेल, मात्र झाडावर काहीही ठोकायचं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. झाड किंवा मोठी फांदी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला इजा करायलाही त्या कायद्याने मनाई आहे. शिवाय झाड वाऱ्यात डोलतं, घर डोलत नाही. दोन्ही एकमेकांना बांधली तर आधी घराचे जोड सुटतात.

कुंपणाच्या भिंतीपासून तीन फूट तरी अंतर सोडा. एक तर शेजाऱ्याच्या आवारात पागोळ्या गळत नाहीत, आणि दुसरं, कठड्यावरून भिंतीवर उडी मारायची वाट बंद होते. इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत पक्कं बांधकाम चालत नाही. म्हणून विटा-सिमेंटच्या भिंती घालू नका, सगळं नट-बोल्टने सुटेल असं ठेवा, आणि तरीही काम सुरू करण्याआधी सोसायटीकडे आणि प्रभाग कार्यालयात विचारून घ्या. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरांमध्ये एक सामाईक चौक ठेवला आहे. तिथे बांधायचं तर सातही घरांची संमती हवी, पण मुलंही सात घरांची येतील. अड्ड्यासाठी त्याहून चांगली जागा नाही.

तोंड कुठे करायचं? पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद, तोंड पूर्वेला, उत्तर बाजू अर्धी उघडी. छपराची उतरती कड पश्चिमेला. त्यामुळे झड पत्र्यावरून वर सरकते, आत येत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही अडतं.

माप

खोपट्याची जमीन ८ फूट बाय ६ फूट. हे माप सोयीचं आहे: लोखंडी चौकोनी पाइप २० फुटांचा येतो, बोर्ड ८ बाय ४ चा येतो, आणि ६ व ८ फुटांच्या आयताचा कर्ण बरोबर १० फूट असतो. गुण्या न लावता, फक्त टेपने दोन्ही कर्ण मोजून आखणी काटकोनात आली की नाही ते कळतं. टेपचं दुसरं टोक मुलांच्या हातात द्या.

तक्तपोशी जमिनीपासून अडीच फुटांवर. याहून उंच नको, कारण उंची वाढली की पडण्याचा मार वाढतो. याहून खाली गेलात तर खालची जागा झाडता येत नाही, पाला साचतो आणि त्यात काय बसलंय ते दिसत नाही. आपल्याकडे घोणस, फुरसे, मण्यार, नाग हे चारही विषारी साप आढळतात. आरपार दिसणारी, झाडलेली, कोरडी जागा सापांना आवडत नाही. म्हणूनच खोपट्याखाली विटा, फरशीचे तुकडे, जळण, कुंड्या असलं काही साठवायचं नाही, कितीही जागा रिकामी दिसली तरी.

आतली उंची पश्चिमेला साडेपाच फूट, पूर्वेला पावणेसात. मोठ्या माणसाला आत शिरता आलंच पाहिजे, झाडायलाही आणि एखाद्या पोराला उचलून बाहेर आणायलाही. सहा फुटांत सव्वा फुटाचा उतार मिळतो, म्हणजे साधारण पाचास एक. पत्र्याला तो भरपूर आहे.

पाया वजनासाठी नाही, उडू नये म्हणून

हा सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणून थोडं सविस्तर. सहा-आठ मुलांचं वजन कुठलीही जमीन पेलेल. खरा प्रश्न वर खेचणाऱ्या वाऱ्याचा आहे. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला जवळजवळ ११६० न्यूटन होतो. आपलं छप्पर १० बाय साडेआठ फूट, म्हणजे सुमारे ७.९ चौरस मीटर. ढोबळ हिशेबाने छपराला वर उचलणारा जोर ९०० किलोंच्या घरात जातो. जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या विटांवर उभा केलेला सांगाडा, वर पत्रा ठोकलेला, अशा वाऱ्यात शेजारच्या गच्चीवर सापडेल. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं या किनाऱ्यावरून गेली आहेत, तेव्हा हा हिशेब केवळ कागदावरचा नाही.

सहा खांबांसाठी सहा खड्डे, प्रत्येकी १५ इंच बाय १५ इंच, खोली २ फूट. काँक्रीट १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. एकूण सुमारे १९ घनफूट काँक्रीट भरतं. त्याला साडेतीन गोणी सिमेंट, साडेआठ-नऊ घनफूट क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि सतरा-अठरा घनफूट पाऊण इंची खडी लागते. गोणीत सिमेंट साधारण सव्वा घनफूट असतं, या मापाने घमेली मोजा. हे सहा ठोकळे मिळून १२५० किलोंच्या आसपास भरतात. वर सांगितलेल्या ९०० किलोंना पुरून उरतं.

जमीन जागेगणिक बदलते. नवी मुंबईत बरीच वस्ती खाडीकाठच्या पाणथळ जमिनीवर भराव घालून वसली आहे. भरावात दोन फुटांवरही डबर, प्लॅस्टिक, चिखल लागतो. तिथे घट्ट मुरूम लागेपर्यंत खोल जा, नाहीतर तळ दोन फूट बाय दोन फूट करा आणि खाली सहा इंच खडी धुमसाने ठोकून बसवा. येऊर-मानपाड्याच्या बाजूला उलटा त्रास: दीड फुटावर पहार टणकन वाजते. काळा पाषाण लागला तर फोडत बसू नका. ड्रिलने १२ मिमी सळईची भोकं पाडून, भोकं फुंकून साफ करून, केमिकल अँकरने (भोकात सळई चिकटवणाऱ्या रसायनाने) सळया बसवा आणि त्यांवर काँक्रीट ओता.

काँक्रीटची वरची पातळी जमिनीपेक्षा चार इंच वर ठेवा आणि कडांना उतार द्या, पाणी थांबता कामा नये. सहाही माथे एका पातळीत आणायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. हेही मुलांना आवडणारं काम आहे. प्रत्येक ठोकळ्यात चार जे-बोल्ट, १२ मिमी जाडीचे, एक फूट आत गाडलेले. इथे हमखास होणारी चूक: बोल्ट हाताने काँक्रीटमध्ये खोचले जातात, थापी मारताना अर्धा इंच सरकतात, आणि मग बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी, बसत नाही. प्लायच्या तुकड्याला बेसप्लेटची चार भोकं पाडा, बोल्ट त्यातून नटाने घट्ट करा आणि प्लायसकट काँक्रीटवर बसवा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून पिशवी गुंडाळा. सात दिवस पाणी मारल्यावरच त्यांवर खांब उभा करा.

लाकडी खांब थेट काँक्रीटमध्ये गाडायचा नाही. सागाचा असला तरी नाही. लाकूड जिथे काँक्रीटमधून बाहेर येतं तिथेच ओल धरून ठेवतं आणि तिथूनच कुजतं. खाली जळकं ऑइल किंवा डांबर फासायची पद्धत आहे. मुलांचे हातपाय जिथे लागणार तिथे ती नकोच.

सांगाडा

लाकूड की लोखंड, यावर वाद होऊ शकतो. खाडीची खारी हवा लोखंडाला खाते हे खरं. पण गंज दिसतो, खरवडून रंगवता येतो. वाळवी आतून पोखरते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून सांगाडा लोखंडाचा, हाताला लागणारं सगळं लाकडाचं.

५० बाय ५० मिमी, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, २० फुटी आठ नग. एका नगाचं वजन साधारण १८ किलो. कापणी अशी: तीन नगांतून सहा खांब (पश्चिमेचे तीन ८ फुटी, पूर्वेचे तीन सव्वानऊ फुटी), दोन नगांतून ८ फुटी तुळई दोन आणि सहा फुटी आडवे चार, एका नगातून दोन कैच्या (छपराखालचे तिरपे पाइप), एकातून तिसरी कैची आणि पाचवा आडवा, शेवटच्यातून माथ्यावरच्या दोन ८ फुटी पट्ट्या. उरलेल्या तुकड्यांतून दीड-दीड फुटाचे आठ तिरके आधार निघतात. चार कोपऱ्यांत, दोन्ही दिशांना एकेक. हे आधार वाचवायचा मोह फॅब्रिकेटरला होतो, कारण सांगाडा त्यांच्याशिवायही उभा राहतो. मात्र सहा मुलं एकदम एका बाजूला धावली की तो कुरकुरतो आणि वर्षभरात वेल्ड तडकतात. पत्र्याखालच्या पट्ट्यांसाठी ४० बाय ४० चे दोन नग वेगळे.

तीन चौकटी कारखान्यातच वेल्ड करून घ्या. प्रत्येक चौकटीत एक बुटका खांब, एक उंच खांब, मधला आडवा आणि वरची कैची. जागेवर त्या उभ्या करून लांबीच्या तुळया अँगलच्या तुकड्यांवर १२ मिमी बोल्टने जोडायच्या. राहिलेले दोन आडवे तुळयांच्या मध्ये बसतात, म्हणजे तक्तपोशीखाली दर दोन फुटांना आधार होतो. ऑर्डर देण्याआधी फाटकापासून परसापर्यंतची बोळ मोजा. मधल्या रो-हाउसला बाजूची वाट नसते, सगळं दिवाणखान्यातून न्यावं लागतं. तिथे चौकटीसुद्धा बोल्टनेच जोडायच्या, वेल्ड नाही.

पाइपची वरची टोकं पट्टीने बंद करून घ्या. उघड्या टोकात पाणी जातं, आणि गांधीलमाश्यांना घर करायला याहून सोयीची जागा नाही. खालच्या टोकाशी, बेसप्लेटच्या जरा वर, ६ मिमीचं एक भोक ठेवा. पोकळ पाइपात हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं. ते बाहेर पडायला वाट नसेल तर खांब आतून गंजतो. पाइप जस्त चढवलेला घेतला तर उत्तम, पण वेल्ड केलेल्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंक रंगाचे दोन हात द्यावेच लागतात.

प्रायमर घेताना थांबा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक वापराचे रंग त्यात येत नाहीत, आणि फॅब्रिकेटरकडे नेमका तोच डबा असतो. पिवळा झिंक क्रोमेट किंवा शेंदरी रेड लेड प्रायमर मुलांच्या घराला नको. डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेला प्रायमर स्वतः आणून द्या.

पत्रा, आणि त्याचा आवाज

रंगीत पत्रा ०.५ मिमी, फिकट रंगाचा. तीन पत्र्यांत १० फूट रुंदी भागते. लांबी मापाने कापून मिळते, साडेआठ फूट सांगा. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू रबरी वॉशरसकट ७५ घ्या, ६० च्या आसपास लागतील. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, पन्हळीच्या तळात नाही, कारण पाणी तळातून वाहतं. वॉशर दाबून किंचित पसरेल इतकाच कसायचा. जास्त कसला तर रबर फाटतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात गळती तिथेच सुरू होते. पत्र्याची धार सुरीसारखी असते. तिच्यावर रबरी बीडिंग चढवा.

पावसात पत्रा इतका वाजतो की आत बोललेलं ऐकू येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये भट्टी होतो. दोन्हींवर एकच उपाय: पट्ट्यांच्या खालून बांबूच्या चटया, पत्र्यापासून इंचभर अंतर सोडून. थर्माकोल लावू नका, तो पेट घेतो. जुना सिमेंटचा पत्रा फुकट मिळाला तरी घेऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

छपरावरचं पाणी किती, याचा अंदाज लोकांना नसतो. दिवसाला १०० मिमी पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. अशा दिवशी या एवढ्याशा छपरावरून ८०० लिटरच्या आसपास पाणी पश्चिमेच्या कडेने पडतं. पागोळीच्या रेषेत फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून खडी भरा आणि त्याला घराच्या जोत्यापासून दूर, आवाराच्या गटाराकडे उतार द्या. हे पाणी पिंपात धरायचं असेल तर पिंपाला मच्छरदाणीची जाळी हवी. उघडं पिंप म्हणजे आठवड्या-दहा दिवसांत डास.

तक्तपोशी आणि भिंती

जमिनीला प्लाय घालू नका. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा असला तरी, कापलेल्या कडेतून पाणी पितो. भरीव प्लायवर झडीचं पाणी साचतंही. फळ्या हव्यात, मध्ये ५ मिमीच्या फटी ठेवून. ठाण्यातल्या जुन्या इमारती पडतात तेव्हा सागाच्या तुळया आणि फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. हा साग मुरलेला असतो, वाकत नाही. फक्त आतले मोडके खिळे चुंबकाने शोधून काढायला सुताराला सांगा, नाहीतर रंध्याचं पातं जातं. एक इंच जाड, चार इंच रुंद, ८ फूट लांब अशा १७ फळ्या लागतात. घनफुटात पावणेचार, तूट धरून सव्वाचार. स्क्रू १७० लागतात, २०० आणा, स्टेनलेसचे. फळीला आधी भोक पाडून, डोकं आत बुडेल असा खळगा करून मगच स्क्रू मारा. मुलं अनवाणीच खेळतात.

पॅकिंगच्या पॅलेटच्या फळ्या स्वस्तात मिळतात. तुर्भे, रबाळे, महापे, तळोजा एमआयडीसीत भंगारवाल्यांकडे ढीग असतात. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि दोन अक्षरांचा शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, मुलांसाठी नको. शिक्का नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील तरी नको. पॅलेटचं पाइन मऊ असतं. कठड्याला, फडताळाला चालेल, जमिनीला नाही.

पश्चिम आणि दक्षिण भिंतीला ८ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड, ८ बाय ४ चे दोन. पश्चिमेला अख्खा आडवा, दक्षिणेला ६ फूट कापून. तक्तपोशीपासून इंचभर वर उचलून बसवा. बोर्डाच्या वर पश्चिमेला दीड फुटाच्या आसपास जागा उरते. तिथे खाली झुकलेल्या लाकडी पट्ट्या तिरप्या लावा. झड अडते आणि हवा खेळते. ती जागा ठार बंद करू नका. वारा फिरून पूर्वेच्या उघड्या तोंडातून आत घुसला, तर त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर तो छपराला आतून ढकलतो. बोर्ड कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला फार वाईट, त्यात सिलिका असते. पाणी मारत कापा, कापणाऱ्याला चांगला मास्क द्या आणि त्या दिवशी मुलं शेजारी पाठवा.

बांबूचा कठडा सुंदर दिसतो, पण प्रक्रिया न केलेल्या बांबूत भुंगा लागतो आणि वर्षभरात खाली पिवळी भुकटी पडायला लागते. घ्यायचा तर बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवलेला, आणि जिथे पाऊस थेट लागत नाही तिथेच. बोरॅक्स पाण्याने धुऊन जातं.

कठडा, पायऱ्या, खालची वाळू

या तिन्हींत इंचाइंचाला महत्त्व आहे. कठडा सव्वातीन फूट उंच, पट्ट्या उभ्या. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांसाठी शिडी. दोन पट्ट्यांमधली फट ३ इंच. कुठल्याही फटीसाठी एक नियम धरा: साडेतीन इंचांपेक्षा कमी, नाहीतर नऊ इंचांपेक्षा जास्त. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचं अंग पार होतं आणि डोकं अडकतं. हा नियम खिडकीला, पायऱ्यांच्या मधल्या फटीला, छपराखालच्या झरोक्यालाही लावा. टेप घेऊन एक-एक फट मोजा.

अडीच फुटांना दहा-दहा इंचांचे तीन टप्पे, म्हणजे दोन पायऱ्या आणि तिसरा थेट तक्तपोशीवर. पायऱ्यांच्या मागे फळी ठोकून फट बंद करा. पायरी १० इंच खोल, कडेला पकडायला दांडा, सव्वा इंच व्यासाचा. लहान मूठ याहून जाड दांड्याभोवती मिटत नाही. तोंडाशी दार नको, दाराला कडी तर नकोच. आतून लावता येणारी कडी आणि दारात चिमटणारी बोटं, दोन्ही त्रास दाराबरोबरच जातात.

पायऱ्यांसमोर आणि उघड्या बाजूंना सहा फूट तरी मऊ जमीन हवी. हिरवळ पुरेशी मऊ नसते, आणि पेव्हर ब्लॉक तर काँक्रीटच. नऊ इंच जाडीचा वाळूचा थर अडीच फुटांच्या उंचीला भरपूर आहे. खाली जाळीदार कापड आणि खडी घाला, म्हणजे पाणी निचरेल. ओली वाळू दडपून कठीण होते, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फावड्याने उकरा. मांजरं येतात म्हणून रात्री जाळीने झाका.

दोरीचा झुला, लोंबती दोरी, ओढणी बांधलेला पडदा, यांतलं काहीही नको. टोपली वर ओढायची कप्पी मुलांना फार प्रिय असते. ती लावायची तर दोरी जाड आणि आखूड, खाली गळ्यात फास बसेल असं मोकळं टोक राहू न देता, आणि खेळ संपला की काढून ठेवायची.

आत

थोडक्यात: एका बोर्डावर काळा फळ्याचा रंग, कोपऱ्यात गुडघ्याएवढं फडताळ, झाकणाची पेटी. बसायला चटई, जी रोज घरात येते. विजेची लाइन ओढू नका. चार्जिंगचा कंदील पुरे. ओढायचीच असेल तर ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय) नाही, आणि एक्स्टेन्शन बोर्ड लटकवून तर कधीच नाही. खाऊ आत ठेवू नये, मुंग्या आणि उंदीर येतात. येऊरच्या कडेला याला आणखी एक कारण आहे: उष्ट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. तिथे अंधार पडायच्या आत मुलं घरात हवीत.

लाकडाला पॉलिशपेक्षा जवसाचं तेल बरं. पॉलिशचे पापुद्रे निघतात, तेल निघत नाही. पहिला हात टर्पेंटाइन समप्रमाणात घालून, पुढचे दोन नुसते, पातळ. पावसात काळे ठिपके आले तर ब्रशने धुऊन, वाळवून पुन्हा एक हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दरवर्षी मे महिन्यात पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा कसा, रबरी वॉशर बघा, चरातली खडी उकरून गाळ काढा. ऑक्टोबरात पाऊस गेला की गंजाचे ठिपके खरवडून प्रायमर लावा आणि पट्ट्यांच्या आड गांधीलमाशीचं पोळं नाही ना ते आधी मोठ्या माणसाने पाहून मगच मुलांना वर सोडा. दिवाळीचा किल्ला ती बहुधा इथेच, खोपट्याच्या पायाशी रचायला घेतात. रचू द्या, फक्त माती खांबांपासून हातभर लांब. बेसप्लेट ओल्या मातीखाली गेली की किल्ला मोडेपर्यंत बोल्टच्या आट्या गंजलेल्या असतात.